भट्टीतल्या पाकाची तार

रत्नागिरीला जाऊन आलेल्या माणसाला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. किल्ल्यावरून समुद्र कसा दिसतो, दीपगृह पाहिलंस का, बोट लागली का. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं: लागली. बाकी रत्नागिरी मी पाहिली ती बहुतेक एका भोकातून. भोक रुपयाएवढं होतं आणि पलीकडे भट्टी पेटलेली होती. तेव्हा ज्यांना सूर्यास्ताची वर्णनं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. ज्यांना वितळलेल्या काचेची ओढ आहे, असं कुणी असलंच, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी गेले ते माझ्या आत्याकडे. आत्याचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पालीच्या रस्त्याला खाडीच्या अंगाला कौलांचा कारखाना चालवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मनाने घेतलं की कोकणातली आंब्याची लोणची बाहेरगावच्या बरण्यांत का मुरावीत. म्हणून त्यांनी बरण्या करायला घेतल्या. माती छान लागली, आकार सुबक आले, पण वरची झिलई काही ऐकेना. झिलई म्हणजे बरणीवरची ती काचेसारखी चकाकी. भट्टीत ती वितळून अंगासरशी बसावी; ती बसण्याऐवजी वाहायची, ओघळून तळाशी साचायची, आणि भट्टी उघडली की बरण्या खालच्या फरशीला चिकटलेल्या. छिन्नीने सोडवायला जावं तर बूड फरशीला राही आणि वरची बरणी हातात येई.

मुंबईला आमच्या प्रोफेसरांना वितळलेल्या काचा आणि झिलया किती दाट असतात ते मोजण्याचा नाद आहे. मी बी.एस्सी. झाले होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत पुढे संशोधन करू इच्छीत होते. त्यांनी आजवर मुलगी घेतली नव्हती. नाही म्हणणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी अट घातली. अण्णांची झिलई घे, तिथल्याच भट्टीवर तिचा दाटपणा तीन वेळा मोज. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले तर जूनमध्ये प्रयोगशाळेत तुझं टेबल. नाही जुळले तर, असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले. आमच्या घरी मात्र ते वाक्य पुरं झालेलं होतं. नाही जुळले तर पुण्याच्या एका स्थळाला मे महिन्यात होकार कळवायचा होता. स्थळ चांगलं होतं. मी एकदा पाहिलेही होते ते गृहस्थ. त्यांनी मला विचारलं होतं, स्वयंपाकात काय काय येतं, आणि मी त्यांना उत्तर दिलं नव्हतं. मी फार कुणालाच उत्तरं देत नाही. शाळेत आमच्या नन्स याला शालीनता म्हणत आणि घरी आई घुमेपणा म्हणते.

बंदर

बोट बंदरापासून दूर उभी राहते आणि माणसं पडावातून किनाऱ्याला येतात. माझ्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि एक लांबोडकी काळी पेटी होती. पेटीत तापमान बघायची दुर्बीण होती. खलाशाने पेटी उचलताना विचारलं, काय हाय हिच्यात. मी म्हटलं, यंत्र. एवढ्यावर त्याचं भागेना, आणि मी याहून जास्त सांगेना. मग पडावातल्या मंडळींनी ते काम आपसात वाटून घेतलं. एकाने बंदूक म्हटलं, दुसऱ्याने फोटोची पेटी म्हटलं. पुढे बसलेल्या कोळणीने टोपलीवरचा हात न काढता निकाल दिला की ही बाजाची पेटी, बाय गाणारी दिसते, म्हणूनच बोलत नाही, गळा जपते.

पडाव वाळूला लागेपर्यंत मी नाटक कंपनीची झाले होते. खलाशी पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालला आणि वाटेत भेटेल त्याला कंपनी आल्याची बातमी देत गेला. अण्णा छत्री घेऊन माझी वाट बघत उभे होते. त्यांच्याही कानावर ते गेलं. ते माझ्यासारखेच भिडस्त. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "प्रयोग कधी?"

"उद्यापासून," मी म्हटलं. बंदरावरच्या लोकांना ते उत्तर पुरेसं होतं.

खरी मोलाची वस्तू पेटीत नव्हतीच. ती माझ्या रुमालाच्या गाठीत होती: हरभऱ्याहून थोडी मोठी प्लॅटिनमची गोळी, प्रोफेसरांनी विलायतेहून आणलेली. बोटीवर मला दोनदा उलटी झाली, पण रुमाल मी तोंडाशी नेला नाही.

पालीच्या वाटेवर

शहर सुटलं की रस्ता कातळावर चढतो. मुंबईकराला वाटतं की कोकण म्हणजे नुसती हिरवळ. फाल्गुनात या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, हिरवं काही नसतं. काळा पडलेला जांभा दगड, करड झालेलं गवत, आणि मध्येच एखादं काजूचं झाड, लाल-पिवळी बोंडं लटकवून उभं. अण्णांचा कारखाना सड्याच्या उतारावर आहे. वर कौलांच्या रांगा, खाली खाडी, मधे दोन भट्ट्या: एक मोठी, तिच्यात बैलगाडी वळावी, आणि शेजारी एक छोटी, नमुने भाजून बघायची. सगळ्यावर तांबडी धूळ. माझी पांढरी पातळं पहिल्या दिवशी अबोली झाली आणि परत येईपर्यंत विटकरी.

आत्या बाहेर पायरीवरच उभी होती. माझी आत्या ठेंगणी, गोरी, आणि बोलण्यात माझ्या नेमकी उलट. मी बसायच्या आत तिने मला माझं वजन, माझा रंग आणि माझ्या वडिलांचा स्वभाव यांबद्दल सगळं सांगितलं. जेवायला ओल्या काजूगरांची उसळ होती. मुंबईला काजू आम्ही बशीतून चार-चार मोजून देतो. इथे तो डावाने वाढतात. उसळ, भात, वर सोलकढी. माझं बोटीवरचं दुःख तिसऱ्या वाटीला संपलं.

जेवताना आत्याने विचारलं की मी नक्की काय करायला आले आहे. मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवलं आणि मराठीत मांडलं: वितळलेला पदार्थ वाहायला किती विरोध करतो ते मोजायचं. आत्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मी पुन्हा सांगितलं. भट्टीत एका मुशीत झिलई वितळवायची, तराजूच्या एका दांडीला तारेने गोळी टांगून ती त्यात बुडवायची, दुसऱ्या पारड्यात वजन टाकायचं, आणि गोळी वर यायला किती वेळ लागतो तो मोजायचा. दाट असेल तर सावकाश येईल, पातळ असेल तर झटकन.

"म्हणजे पाकाला तार किती येते ते बघायचं," आत्या म्हणाली. "एकतारी की दोनतारी. मग असं सांग ना. बोट घालून बघता येत नाही एवढंच."

पुण्याच्या त्या गृहस्थांना हे उत्तर देता आलं असतं, असं मला वाटून गेलं.

छोटी भट्टी

भट्टीचा कारभारी धोंडू. लांज्याकडचा, पन्नाशीचा, मिशा राखलेला, आणि आपल्या डोळ्यांवर फार विश्वास. तो तापमान आंब्यांत सांगतो. आधी भट्टी रायवळ होते, मग पायरी, मग हापूस. हापूसच्या पुढे गेली की तो हात जोडतो. माझी दुर्बीण त्याला मुळीच आवडली नाही. तिच्यात लाल काचेतून बघायचं असतं. भट्टीच्या भोकातून आतला उजेड दिसतो आणि त्या उजेडावर एक बारीक तापलेली तार. बटण फिरवत जायचं. तारेचा आणि भट्टीचा उजेड एक झाला की तार दिसेनाशी होते, आणि मग आकडा वाचायचा. मला ती तार पहिल्यापासून जवळची वाटते. आजूबाजूच्या रंगात मिसळून दिसेनासं होणं, हे मीही लग्नकार्यांत करत आले आहे.

धोंडू म्हणाला, हापूस झालाय. दुर्बीण म्हणाली, अजून शंभर अंश हवेत. धोंडूने उन्हाकडे पाठ करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला की पायरीच आहे, पण चांगल्या बागेतली.

खरी अडचण निराळीच होती. मी भोकाशी, धोंडू आणि त्याचे दोघे गडी खाली लाकूड सारायच्या तोंडाशी. मी आकडा सांगायचा, त्यांनी त्याप्रमाणे लाकूड घालायचं. भट्टीचा आवाज घूं घूं घूं, आणि माझा आवाज मुळातच घरातल्या घरात ऐकू जाईल इतका. त्यात पहिला आकडा मी इंग्रजीत सांगितला. मराठीत सांगायला गेले तर एकोणसाठ की एकोणसत्तर याशी अडखळले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीचं हे गुपित आहे, कुणाला सांगू नये. मी ठरवलं की पुढे फक्त शून्याने संपणारे आकडेच बोलायचे. मग रुमाल हलवून खूण करून पाहिली. खाली कुणी वर बघत नव्हतं.

शेवटी धोंडूच वर आला. "बाय, तुमचा आवाज भट्टीलापण ऐकू जात नाय. गाऱ्हाणं घालता ना देवाला, तसं बोला. ताणून."

गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोकणात कुठलंही काम काढलं की नारळ ठेवून एक जण देवाला सगळी परिस्थिती मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला भोवतीची माणसं एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. देवाला अर्ज, आणि खाली सगळ्यांची सही. एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की ते सगळ्यांचं झालं. मागाहून, माझं तसं म्हणणं नव्हतं, असं कुणाला म्हणता येत नाही.

मी डोळे मिटले, श्वास घेतला आणि ताणून ओरडले, "अकराशे ऐंशी!"

खालून तिघे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

ते चेष्टा करत होते. पण लाकूड बरोबर पडलं. त्यानंतर प्रत्येक आकड्याला तेच उत्तर येऊ लागलं, आणि दुपारपर्यंत मला माझा आवाज भट्टीपलीकडच्या कौलांवरून परत आलेला ऐकू आला. तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. बरा होता.

बाराशेला भट्टी स्थिर झाली. गोळी सोडली, वजन टाकलं, घड्याळ चालू केलं. अठरा सेकंद. काकवीसारखी दाट, सुस्त, आज्ञाधारक झिलई. ही वाहेल कशी, असं मला वाटलं. तेवढ्यात आत्याने जेवायला हाक मारली. इतक्या आनंदात मी एकच गोष्ट विसरले. आम्ही जेवून येईपर्यंत लाकूड घालायला कुणी नव्हतं, आणि गोळी आतच होती. परत आलो तेव्हा झिलई गोठून दगड झाली होती आणि प्रोफेसरांची विलायती गोळी, सुपारीत खिळा ठोकावा तशी, तिच्या मधोमध.

सबंध दुपार पुन्हा भट्टी पेटवून ती सोडवण्यात गेली. ती सुटली, पण घरभर बातमी झाली. आत्या काही बोलली नाही. तिने माझ्याकडे, मग यंत्राकडे पाहिलं, आणि ओठ मिटले. मला तेव्हाच समजायला हवं होतं. आत्या गप्प बसते तेव्हा तिने काहीतरी ठरवलेलं असतं.

पाकात लिंबू

दुसऱ्या दिवशी तीच झिलई, तेच बाराशे, तेच वजन. पंधरा सेकंद. मला वाटलं, घड्याळाला अंगठा उशिरा लागला. त्याच्या पुढच्या दिवशी बारा. मग नऊ. झिलईच्या काकवीचा मध झाला, मधाची पातळ आमटी झाली. दाटपणा रोज पळत होता आणि मी त्याच्यामागे.

मी सगळं तपासलं. तराजू पुसला. गोळी घासली. झिलईची बुकणी अण्णांच्या एकाच डब्यातली, मीच घेतलेली. मूस रोज नवी. दुर्बिणीवर अविश्वास दाखवायची संधी धोंडूने सोडली नाही; त्याच्या मते भट्टी रोज हापूसच होती आणि खोट माझ्या यंत्रात होती. शिमगा जवळ आला होता. शिमग्याला गडी आपापल्या गावी पालखीला जाणार, मग सरपण सारायला माणूस नाही. त्याआधी तीन आकडे जुळले नाहीत तर जुळलेच नाहीत. अण्णा रोज संध्याकाळी हळूच विचारत, आज किती, आणि मी सांगितलं की स्वतःशीच मान हलवत. त्यांनी पुढची मोठी भट्टी भरायला घेतली होती. हीसुद्धा चिकटली तर बरण्या सोडून पुन्हा कौलंच, असं ते मला नव्हे, बैलाला सांगताना मी ऐकलं.

रात्री जेवताना मी घास चिवडत बसले होते. आत्याने कारण काढून घेतलं. रोज पातळ होत चाललंय, मी म्हटलं.

"पाकात लिंबू पिळलं की तार मोडते," ती म्हणाली. "तुझ्या पाकात कुणीतरी लिंबू पिळतंय बघ. कारखान्यात माणसं काय कमी येतात? आणि प्रत्येकाची नजर सारखी असते असं नाही." एवढं बोलून तिने मला आणखी भात वाढला.

मी रात्री विचार करत पडले. लिंबू. म्हणजे बाहेरून काहीतरी आत पडतंय. झिलई पातळ करणारं असं काय असतं? सोडा. सोड्याने काच पातळ होते हे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाचं मूलसुद्धा सांगेल. पण पालीच्या वाटेवर माझ्या भट्टीत सोडा कोण आणून टाकणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या डोळ्यात कचरा गेला. दुर्बीण सोडून मी पायऱ्या उतरून रांजणाशी डोळा धुवायला गेले. धोंडू आणि गडी सावलीत भाकरी खात होते. डोळा पुसत वर पाहिलं तर आत्या छोट्या भट्टीच्या तोंडाशी उभी. पदर खोचलेला, मूठ बंद. तिने मूठ भट्टीवरून फिरवली, यंत्रावरून फिरवली, माझ्या रिकाम्या स्टुलावरून फिरवली, तोंडाने आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची नजर उतरवली, आणि मुठीतलं सगळं आत फेकलं. भट्टीतून लखलखीत पिवळा भडका उठला.

मिठाचा पिवळा. खडे मीठ आणि मोहरी.

मिठात सोड्याचंच अंग असतं. ते त्या आगीत वाफ होऊन उडत होतं आणि माझ्या उघड्या मुशीत जाऊन बसत होतं. आणि मी रोज तिथेच, दोन पायऱ्या वर, भट्टीच्या आवाजात भोकाला डोळा लावून बसलेली. पण माझी काच लाल. लाल काचेतून पिवळा भडका दिसत नाही. आत्याची माया मला दिसू नये अशी सोय विलायतेतच करून ठेवलेली होती.

धोंडूला विचारलं, हे रोज चालतं? तो म्हणाला, रोज. कधीपासून? गोळी अडकली तेव्हापासून छोट्या भट्टीवर, मोठ्या भट्टीवर तर पहिली बरणी चिकटली तेव्हापासून. इथे आधी चिमूट होती, मग मूठ झाली. आता मोठ्या भट्टीला सूपभर लागतं. मग मला सांगितलं का नाही? यात सांगायचं काय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. दृष्ट काढली हे काय कुणी कळवत बसतं?

मला सगळा हिशोब लागला. बरणी चिकटली की आत्या मीठ टाकणार, मीठ टाकलं की झिलई वाहणार, झिलई वाहिली की बरणी चिकटणार, आणि मग आत्या आणखी मीठ टाकणार. त्या वर्षांत मीठ हा तसाही साधा विषय राहिला नव्हता, लोक मूठभर मिठासाठी तुरुंगात जात होते. माझ्या आत्याला मात्र कुणी अडवलं नव्हतं.

गाऱ्हाणं

आता सांगायचं कसं? अण्णांना सांगितलं असतं तर ते आत्याला बोलले नसते. बावीस वर्षांच्या संसारात ते आत्याला काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही. मी सांगितलं असतं तर ऐकणार कोण? मिठाने पातळ होतं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, आमटी होते का? आणि खरं सांगायचं तर मला तिचं मन मोडायचं नव्हतं. जगात माझ्या यंत्राला नजर लागू नये असं वाटणारं दुसरं माणूस नव्हतं.

मोठी भट्टी पेटवायचा दिवस उजाडला. तोंडाशी नारळ, हळद-कुंकू. गाऱ्हाणं नेहमी धोंडू घालतो. मी त्याला बाजूला बोलावून सांगितलं की मिठाचंही एक वाक्य गाऱ्हाण्यात घाल. त्याने ऐकून घेतलं आणि मिशीवर हात फिरवला.

"मी नाय बोलणार, बाय. मना ती दोन वेळ जेवायला घालते. तुमचं गाऱ्हाणं तुमीच घाला."

"बायका घालतात?"

"देवाने नको म्हटलेलं मी तरी ऐकलं नाय."

सगळे जमले. अण्णा, गडी, माती मळणाऱ्या बाया, मागे हातात सूप घेतलेली आत्या. धोंडूने सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझी लेकरं या भट्टीवर उभी हायत, त्यांच्या हाताला यश दे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. भट्टीत ठेवलेलं भांडं न भांडं सुखरूप बाहेर येऊ दे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. मग तो थांबला, म्हणाला की मुंबईच्या ताईंचंही काही गाऱ्हाणं आहे, आणि बाजूला झाला.

मी जे पहिलं वाक्य म्हटलं ते मलाही ऐकू आलं नाही. मातीवाली एक बाई म्हणाली की जरा मोठ्याने, देव लांब असतो. मी भट्टीकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि अकराशे ऐंशीच्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा महाराजा, माझी आत्या आमच्या सगळ्यांची नजर उतरवते, तिचे हात असेच राहू देत रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आत्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

"तिने उतरवलेली वाईट नजर ज्या मिठात आहे, ते मीठ आमच्या बरण्यांच्या जवळ राहू नये रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ते भट्टीत न पडता लांब जावं, खाडीत जावं, समुद्रात जावं, पुन्हा परत येऊ नये रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आत्याने सुपासकट हात जोडले. मग तिने सुपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पण म्हणून झालं होतं.

धोंडूने घाईने नारळ फोडला. आत्या सूप घेऊन भट्टीभोवती फिरली, सावकाश, एकही आला-गेला न वगळता, आणि मग तशीच उतार उतरून खाडीकडे गेली. तिची पाठ ताठ होती. परत आली ती रिकामं सूप झटकत. माझ्याजवळून जाताना थांबली.

"एवढं इंग्रजी शिकलीस," ती म्हणाली, "आणि शेवटी मला देवाकडून निरोप पाठवलास."

रात्री तिने घावन केले आणि मला नेहमीपेक्षा दोन जास्त वाढले. शिक्षा होती की क्षमा, ते ठरवण्याइतकी शुद्ध जेवणानंतर उरली नाही.

पुढचे दिवस मी छोट्या भट्टीवर होते. आत्या रोज दुपारी यायची, मूठ फिरवायची आणि खाडीची वाट धरायची. जाऊन-येऊन पाव तास चढ-उतार. पण तिने एक दिवस चुकवला नाही. अठरा. साडेसतरा. अठरा. शेवटच्या आकड्याला मी इतक्या जोरात ओरडले की धोंडूने व्हय म्हाराजा म्हणण्याऐवजी काय झालं म्हणून विचारलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मोठी भट्टी उघडली. काही बरण्यांना तडे गेले होते, एका ओळीचा रंग उतरला होता, पण फरशीला चिकटलेली एकही नव्हती. अण्णांनी एक बरणी उचलली, उलटी केली, तिच्या बुडावरून हात फिरवला आणि किती तरी वेळ ती खाली ठेवली नाही. धोंडूचं म्हणणं, गाऱ्हाणं लागू पडलं. अण्णा माझं नाव घेऊ लागले. आत्याने दोघांना गप्प केलं. दृष्टीचं मीठ वाहत्या पाण्यात सोडलं की गुण लवकर येतो, हे तिला आधीच सुचायला हवं होतं, असं ती म्हणाली. मी काही बोलले नाही. मुळात माझा स्वभावच तसा.

परत

परतीच्या पडावात तोच खलाशी होता. त्याने विचारलं, प्रयोग कसा झाला. मी म्हटलं, चांगला, शेवटी सगळे माझ्याबरोबर ओरडले. त्याने ते सहज मान्य केलं.

प्रोफेसरांनी तीन जुळलेले आकडे पाहिले आणि मान डोलावली. मग त्यांना खालचे, न जुळलेले आकडेही दिसले. ते मी लपवले नव्हते. पंधरा, बारा, नऊ. त्यांच्यावर त्यांची नजर जास्त वेळ खिळली. "इतका नियमाने पातळ होत गेला?" त्यांनी विचारलं. "हे कुणी केलं?"

"माझ्या आत्याने. भट्टीत मीठ टाकून."

ते खिडकीबाहेर बघू लागले. पण या वेळी वाक्य पुरं केलं. जूनपासून या, आणि आल्यावर आत्याचा प्रयोग आधी करू, मात्र मीठ तोलून.

आता माझं टेबल खिडकीजवळ आहे. भट्टी विजेची आहे, आवाज करत नाही, आणि आकडा कुजबुजला तरी समोरच्या मदतनिसाला ऐकू जातो. तो लिहून घेतो आणि काही म्हणत नाही. बाराशे, मी म्हणते, आणि पुढची शांतता मला दरवेळी जरा अपुरी वाटते.

गेल्या आठवड्यात पहिलं तोललेलं मीठ टाकायची वेळ आली. कागदाच्या पुडीत चिमूटभर, पांढरं, शुद्ध, बिनमोहरीचं. मदतनीस पाणी प्यायला गेला होता, प्रोफेसर पाठमोरे होते. मी पुडी उघडली, ती भट्टीवरून आणि माझ्या टेबलावरून तीन वेळा ओवाळली, आणि मगच आत टाकली.